पेंढ्याच्या हाजीचा कोट

१

खुर्चीवर फक्त डोकं उरलं होतं.

सकाळी याच खुर्चीत, जिन्याच्या पायथ्याशी, हाजी फर्गली पोट पुढे काढून ऐसपैस बसला होता. बोटीवरून उतरलेल्या पाहुण्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतले होते. आता त्याचं भोपळ्याचं डोकं तेवढं खुर्चीत होतं, रंगवलेले दात काढून हसत. खाली पेंढ्याचा ढीग. कोट नाही, सदरा नाही, विजार नाही.

"कपडे नेले आणि माणूस सांडून गेले," जिन्यावर बसलेले अम्म गाद, गल्लीचे गादकाका, म्हणाले. "असला चोर उभ्या आयुष्यात पाहिला नाही गं."

इनशिराहने हातातली मिटलेली पिवळी छत्री भिंतीला टेकवली. गाव दाखवायला आणलेल्या पाहुण्यांना समुद्रावर सोडून, जरा पाय मोकळे करावेत म्हणून ती गल्लीत परत आली होती, आणि आल्या आल्या हे.

खरा हाजी फर्गली होता तिथेच होता, समुद्रावरच्या थंडगार कचेरीत. पण पोर्ट सैदमध्ये वसंताच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी गल्लोगल्ली पेंढ्याचा माणूस जाळतात. वर्षभर गावाच्या छातीवर जो बसला असेल, त्याचा. आजोबांच्या काळात परके साहेब जळले, नंतर आपलेही काही जळले. या वर्षी या गल्लीने फर्गली धरला होता. त्याला ही जुन्या लाकडी सज्जांची गल्ली उचलून तिथे असं हॉटेल उभं करायचं होतं, की ज्याच्या प्रत्येक खोलीतून कालवा दिसेल. कालवा तर आत्ताही दिसत होता. गल्लीच्या टोकाला घरांहून उंच बोट हळूच सरकत जायची. वाटायचं, गावच चाललंय कुठेतरी.

या गल्लीतलं सगळ्यांत जुनं घर अम्म गादांचं. थंडीत एका रात्री त्याच्या सज्जाचा कोपरा खाली आला. खांब कुजला होता, असं फर्गलीचा इंजिनियर म्हणाला. खांब कापला होता, असं अम्म गाद म्हणाले. परवा सण उलटला की सरकारी समिती येणार होती. घर आपोआप पडायला आलंय असं तिने ठरवलं, तर ते जमीनदोस्त होणार. आणि एक घर गेलं की गल्ली गेली. कुणीतरी मुद्दाम पाडलं असं सिद्ध झालं, तर मात्र कायदा घराच्या बाजूने. पण सिद्ध कशावरून करणार? तुटलेलं लाकूड दुसऱ्याच सकाळी गाडीवर लादून गेलं होतं.

"कोणी नेलं ते मी सांगतो!"

दारातला उजेड अडला. कहवाखान्याचा मालक मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, शर्बीनी आत आला. आधी त्याचं पोट आलं, मग तो. मागून निम्मी गल्ली.

"सलामाने! दुसरं कोण? फर्गलीची गाडी चालवतो, फर्गलीचं मीठ खातो. थंडीत त्यानेच खांब कापला आणि आज मालकाची लाज राखायला पुतळा पळवला. अरे, मी त्या रात्री दमियात्तला बहिणीकडे नसतो ना, तर खांबाशी त्याची मानगूट धरली असती! तिकडून फोन करून रस्ता मोकळा करायला गाडी धाडली, तेवढंच माझ्या हातून झालं. तीन दिवसांनी परतलो तेव्हा नुसतं आभाळ दिसत होतं इथे."

"काढा त्याला गल्लीबाहेर," मागून कोणीतरी म्हणालं.

लोंढा गल्लीच्या टोकाकडे निघाला. सलामाचं दार बंद होतं. आणि उंबऱ्यापाशी, सगळ्यांच्या देखत, पेंढ्याच्या काड्या पडल्या होत्या.

२

"बघा!" शर्बीनी ओरडला.

इनशिराहने बघितलं. मग वाकून शेजारच्या उंबऱ्याकडे बघितलं. मग त्याच्या शेजारच्या. सकाळपासून वाळवंटाकडचा गरम वारा सुटला होता, आणि तो गल्लीतून कालव्याकडे झाडू मारल्यासारखा वाहत होता.

"मुअल्लिम, पेंढा माझ्या चपलेतसुद्धा आलाय," ती म्हणाली. "मलाही काढता का गल्लीबाहेर?"

दोघेतिघे हसले. शर्बीनीही हसला, पण उशिरा.

"तू वाटाडी बाई," तो म्हणाला. "तुझं काम पाहुण्यांना दीपगृह दाखवायचं."

"हो ना. आणि तो रिकामा चौथराही."

बंदराच्या तोंडाशी एक भलामोठा चौथरा आहे. त्यावरचा परक्या साहेबाचा पुतळा गावाने कधीच उडवून दिला. पाहुणे विचारतात, इथे बघायचं काय? इनशिराह गेली कित्येक वर्षं एकच उत्तर देत आली होती: काय गेलं ते सगळ्यांनाच दिसतं, काय राहिलं ते बघा.

ती अम्म गादांकडे परतली आणि तेच करत बसली. राहिलेलं बघत.

डोकं राहिलं होतं. भोपळ्यावर कागद चिकटवून केलेलं, काळ्या मिशा, लाल ओठ, पांढरे दात. नुसत्या डोक्यावरून शेंबडं पोरसुद्धा सांगेल, हा फर्गली. मालकाची लाज राखायला आलेला माणूस पहिल्यांदा काय उचलेल? डोकं. ते लाथाडलंही नव्हतं. चोराला फर्गलीशी काही घेणंदेणंच नव्हतं. त्याला कपडे हवे होते.

"अम्म, कपडे कुणाचे होते?"

"ते विचारायचं नसतं गं. पोरं दारोदार हिंडून आणतात. आगीला दिलेल्या कपड्याला मालक नसतो." म्हाताऱ्याने पेंढ्याची काडी दातात धरली. तरुणपणी होडी वल्हवत जाऊन मोठ्या बोटींना माल विकणारा हा माणूस. जगातल्या सगळ्या भाषांत त्याला 'स्वस्त देतो, घ्या' म्हणता यायचं. आता डोळे अधू झाले होते. "पण कोट दांडगा होता. दर वर्षी एका पोत्यात माझा माणूस बसता होतो. या वर्षी दोन पोती पेंढा गेला. पोट भरता भरेना!"

"आणि भोकं होती त्याला."

"होती का?"

"तुम्हाला दिसली नसतील. बारीक बारीक. त्यांतून पेंढा बाहेर आला होता, साळिंदरासारखा. मी पाहुण्यांना म्हटलंसुद्धा, आमचे ठेकेदार आतून टोचतात म्हणून."

म्हातारा खो-खो हसला आणि हसता हसता त्याची मान वर, सज्जाकडे वळली.

"इनशिराह, लढाईच्या वेळी सरकारने अख्खं गाव उठवलं होतं. आई मला कडेवर घेऊन गेली आणि हातात घराची किल्ली. परत आलो तेव्हा या सज्जात कबुतरं राहत होती. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पण राहा." त्यांनी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. "एकदा उठलो. पुन्हा नाही उठायचो. समितीला सांग, म्हाताऱ्यासकट पाडा."

तेवढ्यात इनशिराहच्या निळ्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. तिच्या कंपनीचा साहेब.

"मॅडम, आज पुन्हा त्या गल्लीत गेला होतात म्हणे! हाजी फर्गलींचा फोन आला होता. उद्यापासून ती गल्ली सहलीतून बाद. समुद्र, दीपगृह, बाजार, बस. नाहीतर तुम्हीही बाद."

"बरं," इनशिराह म्हणाली. बरं म्हणजे हो, असं तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि फोन ठेवता ठेवता तिला आठवलं. बाहीवर काहीतरी होतं. सकाळी कोटाच्या बाहीवर तिने काहीतरी पाहिलं होतं, आणि पाहून सोडून दिलं होतं.

३

कहवाखान्यात ती मुद्दाम दाराजवळ बसली. शर्बीनीची बायको वहीबा आत सणाची अंडी रंगवत होती. कांद्याच्या सालीत उकळलेली लालसर, करडईतली पिवळी. तिची बोटंही तशीच झाली होती.

"ये गं, खाऊन जा. फसीखला वेळ आहे अजून, खारवलेली मासळी उद्याच उघडायची, नाहीतर आजच गल्ली बेशुद्ध पडेल." वहीबा हसली की तिचा एक दात चमकायचा. "घासून घासून कंबर गेली माझी. कपाटं, माळे, सगळं काढलं. या माणसाच्या घरात काय निघेल सांगता येत नाही."

"नवरा कामाला लावला नाहीस?"

"तो? तो फक्त चहा गोड आहे का विचारतो."

बाहेरच्या बाकावरचा एक म्हातारा हुक्क्याचा झुरका घेऊन खोकला आणि नळी आपटून ओरडला, "मुअल्लिम! हा तंबाखू आहे की मेंढी? लोकर जळाल्यासारखं लागतंय!"

"वाऱ्याने धूळ येतेय, बाबा," शर्बीनी गल्ल्यावरून म्हणाला. "गरम वारा सुटला की सगळ्यालाच वास मारतो."

"वारा मीही ऐंशी वर्षं खाल्लाय. वाऱ्याला मेंढी नसते."

लोक हसले. इनशिराहने चहाचा पेला खाली ठेवला. तिला विचारायचं ते तिने सरळ विचारलं.

"मुअल्लिम, दुपारी तुम्ही कुठे होता?"

"मी? इथेच. फसीखच्या दुकानापुढे अख्खी गल्ली रांगेत, मग हे कोण बघणार? मी शेगडी पेटवत होतो." तो जवळ आला, आवाज खाली आणून. "बाई, मी इथला पहिला माणूस, ज्याने फर्गलीच्या तोंडावर सांगितलं की नाही विकणार. पहिला! मला विचारतेस?"

हे खरंच होतं. शर्बीनी मेजावर उभा राहून बोलला होता, आणि सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या होत्या. इनशिराहनेही.

ती उठली. पाहुण्यांत एक लेनार्ट नावाचा स्वीडनचा म्हातारा होता, पेशाने दंतवैद्य, आता निवृत्त. बाकीचे पाहुणे फोटोत स्वतःला घेत. तो कुठल्याही गोष्टीच्या तोंडाशी जाऊन, जबडा तपासावा तसा फोटो घ्यायचा. सकाळी त्याला पुतळा विकतच हवा होता. अम्म गाद म्हणाले होते, आमच्याकडे हा माणूस विकत नाहीत, जाळतात.

बाही त्याच्या फोटोत नक्की असणार, आणि बोट दिवस बुडताना सुटणार होती. इनशिराहने छत्री उचलली आणि समुद्राच्या दिशेने जवळजवळ धावत सुटली.

४

लेनार्ट छत्रीखाली लाल होऊन पडला होता. चोरी झाल्याचं ऐकून त्याने आधी हात वर केले.

"मी नाही! मी डोकं मागत होतो."

"म्हणून तर तुम्ही नाही. डोकं राहिलंय. फोटो दाखवा."

कॅमेऱ्याच्या काचेवर हाजी फर्गली हसत होता. लेनार्टने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. करड्या लोकरीचा कोट. पोटावर एक बटण बाकीच्यांहून वेगळं, पितळी, जहाजाच्या नांगराच्या नक्षीचं, लाल दोऱ्याने शिवलेलं. छातीवर आणि उजव्या बाहीवर ती बारीक भोकं, कडा करपलेल्या.

"कसर नाही ही," लेनार्ट म्हणाला. "कसर कडा जाळत नाही."

"नाही. हे निखारे आहेत." हुक्क्यावर चिमट्याने निखारे ठेवत फिरणाऱ्या माणसाच्या कपड्यांवर अशा ठिणग्या उडतात. गावात कुठेही बघा, कहवाखान्याचा माणूस कोटावरून ओळखू येतो.

"आणि हे?" लेनार्टने डाव्या बाहीवर बोट ठेवलं.

मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूने, एक लांब हिरवा पट्टा. तिने तो फोटो आपल्या फोनवर उतरवून घेतला.

सकाळी तिने हेच पाहिलं होतं. अम्म गादांनी डोकं रंगवताना हात पुसला असेल, असं वाटून सोडून दिलं होतं. पण डोकं काळं, लाल आणि पांढरं होतं. हिरवं कुठे होतं त्यात?

हिरवं एकाच ठिकाणी होतं. होड्यांच्या उरल्यासुरल्या रंगांची मिसळ करून अम्म गादांनी सज्जाचा खांब रंगवला होता. ना पिस्त्याचा, ना समुद्राचा, दोघांच्या भांडणातून निघाल्यासारखा हिरवा. तेवढ्यातच डबा संपला. दुपारी खांब रंगवला आणि त्याच रात्री, ओला असतानाच, तो खाली आला. दाराच्या चौकटीवर त्याचा एक फटकारा अजून होता.

ओल्या खांबाला कोणीतरी डाव्या हाताने मिठी मारली होती. उजव्या हाताने कापता यावं म्हणून.

पुतळ्याच्या अंगावर गल्लीने शत्रूचा नाही, आपल्याच घराच्या मारेकऱ्याचा कोट चढवला होता. आणि गल्लीतला, कहवाखान्यात निखारे वाढत फिरलेला, फर्गलीच्या जवळचा माणूस एकच होता. फर्गलीने गाडीवर ठेवण्याआधी सलामा दोन वर्षं शर्बीनीकडे चिमटा घेऊन फिरत होता.

५

सलामा तिला फेरीबोटीवर सापडला. पलीकडच्या काठाला जाणाऱ्या या बोटीला भाडं नसतं. ज्याला घरी जायला तोंड नाही, तो दिवसभर इकडून तिकडे करू शकतो. कठड्याला टेकून तो पावाचे तुकडे समुद्रपक्ष्यांना फेकत होता.

"अब्ला, तुम्हीही मला शोधताय?" मोठ्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला लहानपणापासून अब्लाच म्हणायचा. "सांगा त्यांना, मी नाही नेला. नेला असता तर डोकं बोनेटला बांधून कचेरीत नेलं असतं. साहेबाने बघितलं असतं तरी मजा आली असती."

"मग त्याची गाडी का चालवतोस?"

"कारण गल्लीत कुणाची गाडी नाही!" तो उसळला. "सगळे गाणी म्हणतात. गाण्यावर माझ्या आईचं औषध येत नाही."

इनशिराहने त्याच्याकडे नीट बघितलं. काटकुळा. विजार कंबरेशी दोरीने आवळलेली. सदरा वाऱ्याने फुगला की आत माणूस आहे का अशी शंका यावी. तिने कल्पनेतच त्याला तो करडा कोट घातला, आणि एकदम हसू फुटलं तिला. आत आणखी दोन सलामा मावले असते.

दोन पोती पेंढा. पोट भरता भरेना.

हसू तिच्या चेहऱ्यावरच गोठलं. निखाऱ्यांची भोकं चिमटा घेऊन फिरणाऱ्या नोकरालाच पडतात असं कोणी सांगितलं? सलामा गेल्यापासून शेगडी कोण सांभाळत होतं? आणि आज दुपारी, अख्खी गल्ली रांगेत असताना, ती शेगडी कोणी पेटवली? कशावर?

वाऱ्याला मेंढी नसते.

"सलामा, उतर," ती म्हणाली. "घरी चल."

"मारतील मला."

"मी छत्री आणलीय."

६

सूर्य कलला तेव्हा गल्लीच्या मधोमध लाकडं रचून झाली होती. अम्म गाद मांडीवर सिमसिमिया घेऊन बसले होते. तारा जुन्या, पण आवाज असा की कालव्याच्या पाण्यावरून दगड उड्या मारत जावा. भोपळ्याचं डोकं एका काठीवर खोचलं होतं. खाली काही नाही.

सलामाला बघून गर्दी गुरगुरली. इनशिराहने पिवळी छत्री उघडून वर धरली. पाहुण्यांसाठीची सवय, पण गल्लीही थांबली.

"पुतळा जळणारच आहे," ती म्हणाली. "फक्त मला एक सांगा. कोट कुणी दिला होता?"

"विचारायचं नसतं ते," कोणीतरी म्हणालं.

"एरवी नसतं. पण हा कोट आगीत जायच्या आत कुणीतरी चोरून आगीत घातला. एवढा उपद्व्याप कशाला? कारण त्याच्या बाहीवर अम्म गादांच्या खांबाचा हिरवा रंग होता. फोटो माझ्याकडे आहे. ज्या रात्री खांब ओला होता, त्या रात्री तो कोट खांबाला चिकटून उभा होता."

लोकांच्या माना अम्म गादांच्या पडक्या सज्जाकडे वळल्या.

"कोटावर निखाऱ्यांची भोकं होती," इनशिराह म्हणाली. "म्हणजे कहवाखान्याचा कोट."

"सलामा!" शर्बीनी गरजला. "म्हटलं नव्हतं मी?"

"आणि त्यात दोन पोती पेंढा गेला. सलामा, उभा राहा. फिर. आता मला सांगा, याच्या कोटात काय जाईल? सुतळी?"

कोणीतरी खुदकन हसलं आणि हसू अर्ध्यात तुटलं. लोकांच्या नजरा हळूहळू, नको नको म्हणत, कहवाखान्याच्या दाराकडे वळू लागल्या. इनशिराह शेगडीकडे गेली. चिमट्याने तिने राख उपसली, फुंकर घातली, आणि काळं पडलेलं काहीतरी छत्रीच्या दांड्यावर ठोकून पुढे धरलं. नांगराच्या नक्षीचं बटण.

"माझी शेगडी, माझी राख!" शर्बीनी म्हणाला. "शंभर बटणं निघतील. समजा कोट माझा असला, तरी काय? पडलेलं लाकूड उचलताना लागला असेल रंग!"

"कधी उचललंत, मुअल्लिम? तुम्ही तर दमियात्तला होता. गाडी फोन करून धाडली होतीत. तीन दिवसांनी आलात, तेव्हा इथे नुसतं आभाळ होतं."

शर्बीनी हात झटकून हसला. "नुसत्या गोष्टी! कोट कुणाचा ते कोण सांगणार? बोला ना. कोण सांगणार?"

ते एकच माणूस सांगू शकत होतं, आणि ते सगळ्यांना एकदमच कळलं.

वहीबा दारात उभी होती. रंगलेली बोटं ओढणीत गुंडाळून.

"आत जा," शर्बीनी तिला म्हणाला.

वहीबा बाहेर आली. इनशिराहच्या हातातलं बटण तिने घेतलं, अंगठ्याने पुसलं.

"लाल दोऱ्याने शिवलं होतं मी," ती म्हणाली. "काळा दोरा संपला होता. तू म्हणालास, शोभत नाही. मी म्हटलं, राहू दे, माझी खूण आहे." तिने बटण मुठीत धरलं. "सणाची सफाई करताना माळ्यावर मिळाला. मागच्या कोपऱ्यात, पोत्यात बांधलेला. म्हटलं, रंगाने वाया गेलाय, देऊन टाकू पोरांना. मी दिला कोट. माझ्या हाताने दिला."

"वहीबा, गप्प बैस. घरी चल."

"आणि थंडीत बहिणीकडे गेला होतास ना? मग पहाटे दाराशी कोण उभं होतं, ओल्या कोटात? मला म्हणालास, बस चुकली, परत निघतो, कुणाला बोलू नकोस. मी नाही बोलले." ती गर्दीकडे वळली. "आता बोलते. परवा समितीपुढेही बोलेन. काढा मला कुठून काढायचं ते."

शर्बीनीने चारही बाजूंना बघितलं. मेजावर उभं राहून बोलणारा तो माणूस आता जमिनीवरच उभा होता आणि लहान दिसत होता.

"फर्गली हॉटेलाच्या खाली मला कहवाखाना देणार होता," तो म्हणाला. "काचेचा. तुम्ही सगळे आज ना उद्या विकणारच होतात! मी फक्त रस्ता जवळचा केला. कोणी मेलं का? म्हाताऱ्याला ओरखडा तरी आला का?"

"सज्जात झोपायचो मी," अम्म गाद शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी रंगाच्या वासाने आत झोपलो."

कोणी त्याच्या अंगावर गेलं नाही. फक्त त्याच्यासमोरची माणसं बाजूला झाली, एकेक करून, आणि त्यांनी त्याला जायला वाट दिली. मारापेक्षा ते वाईट होतं. तो गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. वहीबा त्याच्या मागे गेली नाही. तिने कहवाखान्याच्या दारातली एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. आणि अशी बसली, की आता इथून तिला कोण उठवतो ते बघायचंच होतं.

"आणि हाजीचं काय?" सलामाने विचारलं. काठीवरचं डोकं बिनअंगाचं हसत होतं. "नुसतं डोकं जाळायचं?"

इनशिराहच्या खिशात फोन पुन्हा थरथरला. तिने तो बाहेर काढला, साहेबाचं नाव बघितलं आणि फोन सलामाच्या हातात दिला. मग कंपनीचा निळा कोट अंगातून उतरवला, छातीवरच्या सोनेरी बिल्ल्यासकट.

"अब्ला, नोकरी जाईल."

"वाटाडीला वाट ठाऊक असते. त्यांना म्हणावं, उद्या मी याच गल्लीत येणार. पाहुणे पायी येतील."

कोट हाजीला आखूड झाला. सलामाने आपला सदरा काढून दिला, कोणी विजार टाकली, पोरीबाळींनी पेंढा कोंबला. वहीबाने खुर्चीतून उठून पोटावर पितळी बटण लाल दोऱ्याने टाचलं, दोरा दातांनी तोडला आणि परत जागेवर जाऊन बसली.

"ते बटण पुरावा आहे गं!" इनशिराह दचकून म्हणाली.

"राखेत एकदा टिकलंय, पुन्हा टिकेल," वहीबा म्हणाली. "आणि पुरावा मी आहे."

आग लागली. फर्गलीचे दात काळे पडले, मिशी उडाली, निळा कोट आतून फुलून आला. गल्लीच्या टोकाला उंच पांढरी बोट सरकू लागली. कठड्याशी लेनार्ट उभा असणार, सगळ्या गोष्टींच्या तोंडाशी जाता येत नाही म्हणून हळहळत. अम्म गादांनी तारा छेडल्या आणि सगळ्या सज्जांतून, पडक्या सज्जाच्या उरलेल्या अर्ध्या भागातूनही, बायका गाऊ लागल्या.

*जाते बोट, जाऊ दे गं, तिचं पाणी, तिची वाट,*
*माझ्या दारी माझा दिवा, माझ्या पायी माझा काठ.*

*एकदा उठवलं आम्हां, आलो परत उन्हातून,*
*आता आम्हां उठवाया येईल कोण, आणि कुठून?*

सकाळी राख थंड झाल्यावर वहीबाने झाडणीने ती बाजूला सारली. बटण होतं. काळं, जरासं वाकलेलं. नांगर मात्र तसाच. तिने ते ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलं, कहवाखान्याची दारं सताड उघडली, आणि सणाचा पहिला चहा अम्म गादांच्या पायरीवर नेऊन ठेवला.